आईवडिलांच्या पश्चात उरलेले बिल कोणाचे?

अमेरिकेतील एखाद्या नर्सिंग होममध्ये आई किंवा वडील दीर्घ आजारानंतर देवाघरी जातात. दफनविधी होतो, महिन्याच्या स्मरणाची मिस्सा होते, आणि त्याच सुमारास मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने एक पत्र येते. 'आपल्या मातोश्रींच्या खात्यावर इतके हजार डॉलर थकले आहेत, ते आपण त्वरित भरावेत' असा त्याचा आशय असतो. पत्र कधी त्या संस्थेचे असते, कधी तिच्या वकिलाचे, तर कधी वसुली करणाऱ्या एखाद्या कंपनीचे. शोकाकुल मनाला त्या क्षणी एकच प्रश्न पडतो : हे देणे माझे आहे का?

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची मुले आज परदेशी स्थायिक आहेत आणि काहींनी आपल्या वृद्ध मातापित्यांनाही तिकडे नेले आहे. म्हणून हा विषय आपल्यालाही दूरचा राहिलेला नाही. शिवाय या प्रश्नात कायदा आणि सद्सद्विवेक यांची अशी काही गुंतागुंत झाली आहे, की ती उलगडून पाहणे इथे राहणाऱ्यांनाही उपयोगी पडावे.

आरंभी शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांचे छोटेखानी खाजगी रुग्णालय. प्रसूती, शस्त्रक्रिया, चार दिवसांचा मुक्काम, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत त्याच नावाने ओळखली जाणारी संस्था वेगळी आहे. ज्यांना उठणे, बसणे, स्नान, भोजन यांसाठी अहोरात्र मदत लागते अशा वृद्धांचे ते निवासी शुश्रूषागृह असते, आणि तेथील मुक्काम अनेकदा वर्षानुवर्षांचा असतो. साहजिकच त्याचा खर्च छाती दडपून टाकणारा आहे. २०२४ च्या केअरस्काउट सर्वेक्षणानुसार दोघांच्या सामायिक खोलीचा मध्यक खर्च वर्षाला १,११,३२५ डॉलर, तर स्वतंत्र खोलीचा १,२७,७५० डॉलर होता. उत्तम पगाराच्या माणसालाही हा भार पेलवणारा नाही.

'सरकार ज्येष्ठांचा खर्च करते' असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ज्येष्ठांसाठी असलेली मेडिकेअर ही योजना रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरच्या उपचारात्मक शुश्रूषेसाठी, आणि तीही एका आजारपणात फार तर १०० दिवसांपर्यंत मदत करते. त्यातील पहिले २० दिवस पूर्णपणे, पुढे रुग्णाचा हिस्सा घेऊन. नुसत्या दैनंदिन सांभाळाचा खर्च ती देत नाही. तो देते मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना. तिच्यात प्रवेश मिळण्यासाठी मात्र माणसाने आपली पुंजी जवळजवळ संपवावी लागते. पुष्कळ राज्यांत एकट्या व्यक्तीच्या नावे, राहते घर इत्यादी अपवाद सोडल्यास, दोन हजार डॉलरच्या आतच शिल्लक चालते. आयुष्यभर मध्यमवर्गीय म्हणून जगलेला माणूस शेवटच्या दोन-तीन वर्षांत कायद्याच्या दृष्टीने निर्धन होतो, तो असा.

थकबाकी साठते ती बहुधा या संक्रमणाच्या काळात. पुंजी संपलेली आहे, मेडिकेडचा अर्ज केलेला आहे, कागदपत्रे अपुरी म्हणून तो महिनोन्‌महिने पडून आहे आणि बिल मात्र दररोज वाढते आहे. कधी अर्ज नामंजूरच होतो. गेल्या ६० महिन्यांत वृद्धाने मुलांना किंवा नातवंडांना काही मोठी रक्कम, घर वा जमीन मोबदल्याशिवाय दिली असेल, तर काही काळ त्याला मदत नाकारली जाते. आईने प्रेमाने नातीच्या शिक्षणाला दिलेले पैसे पुढे असे आडवे येतात. कधी वृद्धाच्या निवृत्तिवेतनातून शुश्रूषागृहाला जायचा मासिक हिस्सा त्याचे खाते सांभाळणारा मुलगाच भरत नाही. ही तिन्ही प्रकरणे बाहेरून सारखी दिसतात, पण नैतिक दृष्टीने ती अगदी भिन्न आहेत.

येथे एक ताजी घडामोड ध्यानात घ्यायला हवी. मेडिकेडमध्ये अर्ज मंजूर झाल्यावर त्याआधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा खर्चही देण्याची तरतूद चालत आली आहे. शुश्रूषागृहांची कितीतरी थकीत बिले या तरतुदीमुळेच मिटत असत. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या अर्थविषयक कायद्याने ही मुदत १ जानेवारी २०२७ पासून वृद्ध व अपंग लाभार्थींसाठी दोन महिन्यांवर आणली आहे. एका महिन्याची कपात कागदावर किरकोळ दिसते, पण वर दिलेले खर्चाचे आकडे बाराने भागून पाहावेत. प्रत्येक कुटुंबामागे नऊ-दहा हजार डॉलरचा प्रश्न नव्याने उभा राहू शकतो. ही रक्कम संस्था सोडून देणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकन कायद्याचे सामान्य तत्त्व असे आहे की मृताचे ऋण हे त्याच्या मालमत्तेचे ऋण असते. घर, बँकेतील शिल्लक, इतर चीजवस्तू यांतून प्रथम अंत्यविधीचा व व्यवस्थापनाचा खर्च, मग धनकोंची देणी आणि शेवटी उरले तर वारसांचा वाटा. मालमत्ता अपुरी असेल तर धनकोने तोटा सोसायचा. मुलगा केवळ मुलगा म्हणून स्वतःच्या खिशातून ते भरण्यास बांधील नाही. पती किंवा पत्नीची गोष्ट निराळी आहे. अनेक राज्यांत जोडीदाराच्या आवश्यक उपचारांचा खर्च दुसऱ्या जोडीदाराकडून मागता येतो.

परंतु या तत्त्वाला वळसा घालणाऱ्या वाटा आहेत आणि त्यांतील सर्वांत रुळलेली वाट आहे सहीची. आईला दाखल करताना मुलीपुढे चाळीस-पन्नास पानांचे कागद ठेवले जातात. त्यांत कुठेतरी 'जबाबदार व्यक्ती' अशा शब्दांखाली रिकामी ओळ असते. मुलीला वाटते, तातडीच्या वेळी फोन कोणाला करायचा यासाठी हे नाव आहे. पुढे तीच सही हमीपत्र म्हणून न्यायालयात सादर होते. वस्तुतः १९८७ च्या संघीय शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने, मेडिकेअर वा मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या संस्थेला प्रवेशाची अट म्हणून त्रयस्थाची वैयक्तिक हमी मागण्यास मनाई केली आहे. ज्याच्या हाती वृद्धाच्या पैशांची कायदेशीर व्यवस्था आहे अशा व्यक्तीला 'मी वृद्धाच्याच पैशांतून बिल भरीन' एवढेच लिहून द्यायला सांगता येते. तरीही अशी कलमे करारांत सर्रास आढळतात. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील ग्राहक आर्थिक संरक्षण विभाग आणि मेडिकेअर-मेडिकेडचा कारभार पाहणारे केंद्र या दोघांना संयुक्तपणे शुश्रूषागृहांना व वसुली कंपन्यांना ताकीद द्यावी लागली. अवैध हमीच्या आधारे मुलांकडून वसुली करणे हा ऋणवसुलीच्या कायद्याचाही भंग ठरू शकतो, असे त्यांनी बजावले. २०२५ मध्ये त्या विभागाने आपली जुनी मार्गदर्शक पत्रके मोठ्या संख्येने मागे घेतली आणि त्याचा धाकही ओसरला. १९८७ चा मूळ कायदा मात्र जागेवर आहे.

दुसरी वाट अधिक जुनी आणि अधिक वादग्रस्त. १६०१ साली इंग्लंडमध्ये राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत दरिद्र्यांविषयीचा कायदा झाला. निर्धन वृद्धांचा भार गावावर पडू नये म्हणून सधन मुलांनी त्यांना पोसावे असे त्यात होते. वसाहतींबरोबर तो अमेरिकेत गेला. इंग्लंडने १९४८ मध्ये तो रद्द केला, पण अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास राज्यांत त्याचे वंशज अद्याप पुस्तकांत आहेत. बहुतेक ठिकाणी ते धूळ खात पडलेले असतात. पेनसिल्व्हेनिया हा मोठा अपवाद.

तेथील २०१२ चा एक निकाल या विषयात पुनःपुन्हा उद्धृत केला जातो. मोटार अपघातानंतर एक आई २००७ च्या सप्टेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत शुश्रूषागृहात होती. पुढे ती ग्रीसला निघून गेली आणि मागे सुमारे ९३,००० डॉलरची बाकी राहिली. मेडिकेडचा अर्ज अद्याप निकालात निघाला नव्हता. तिचा पती होता, आणखी दोन प्रौढ अपत्ये होती. संस्थेने मात्र एकाच मुलावर दावा लावला. त्याने कोणतीही हमी दिली नव्हती. तरी राज्याच्या अपील न्यायालयाने त्याला सर्व रकमेस जबाबदार धरले. इतर नातलग आहेत, मेडिकेडचा निर्णय व्हायचा आहे, ही त्याची हरकत न्यायालयाने मान्य केली नाही. कायद्यात तसा क्रम लावून दिलेला नाही, कोणाकडे मागायचे हे धनकोने ठरवावे, असा त्याचा अर्थ झाला. मुलाची ऐपत नसेल किंवा आईबापांनी त्याला अल्पवयात दहा वर्षे टाकून दिले असेल तर त्या कायद्यात सूट आहे. या मुलाला ती लागू झाली नाही.

या निकालात आई हयात होती, हे विसरता कामा नये. तथापि मृत्यूनंतर येणाऱ्या पत्रांना धार आली ती अशाच निकालांमुळे. आपल्याला यातील खटकणारी गोष्ट कोणती? मुलाने आईला पोसावे असे कायद्याने म्हणणे आपल्याला खटकू नये. आपली चौथी आज्ञा तेच सांगते. खटकते ते हे, की येथे पोसण्याचा प्रश्न उरलेलाच नव्हता. शुश्रूषा झाली होती, आई निघून गेली होती आणि उरला होता तो एका व्यावसायिक संस्थेचा हिशेब. आईच्या पोषणाचा हक्क आईचा. तो हक्क धनकोच्या हाती गेला की त्याचे रूप पालटते. आई आपल्या तीन मुलांकडे समदृष्टीने पाहील. धनको पाहतो कोणाची मिळकत जास्त, कोणाचा पत्ता हाताशी, कोण नेहमी भेटायला येत होता. म्हणजे जो मुलगा आला तो सापडला आणि ज्याने पाठ फिरवली तो सुटला! अशा रीतीने कर्तव्याला दंड आणि कृतघ्नतेला अभय मिळते. ही माझी तक्रार त्या मुलाच्या वतीने जितकी आहे, तितकीच चौथ्या आज्ञेच्या वतीने आहे.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आम्हांला घोटून घ्यावा लागे. न्यायाचे ऋण वेगळे आणि मातापित्यांविषयीच्या भक्तिभावाचे ऋण वेगळे. न्यायाच्या ऋणाला रक्कम असते, मुदत असते आणि ते फिटते. भक्तिभावाच्या ऋणाला रक्कम नसते. मातापित्यांना आदर हा सदैव द्यायचा, आणि ते आजारी पडले तर शुश्रूषा, गरीब झाले तर आधार, हा त्यांच्या स्थितीनुसार द्यायचा. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणाची शिकवणही प्रौढ मुलांवर हे कर्तव्य 'यथाशक्ती' टाकते. शुश्रूषागृहाचे बिल हे पहिल्या प्रकारचे ऋण आहे आणि ते आईचे आहे. आईचा सांभाळ हे दुसऱ्या प्रकारचे आहे आणि ते मुलाचे आहे. या दोहोंची सरमिसळ केली की वसुली कंपनीचा कारकूनही फोनवर प्रवचन करू लागतो : 'आपल्या आईसाठी एवढेही करणार नाही का?' आपल्या समाजात तर 'बापाचे कर्ज पोराने फेडायचे' हा संस्कार धर्म कोणताही असो, हाडीमांशी खिळलेला आहे. तो संस्कार सुंदर आहे. पण त्याचे भांडवल करणाऱ्यापुढे तो मुकाट्याने मोकळा करण्याची गरज नाही.

हाच भेद उलट बाजूनेही लागू होतो. कायद्यातील पळवाट म्हणजे सद्सद्विवेकाची सुटका नव्हे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू काही परूश्यांना फटकारतो, कारण 'हे देवाला अर्पण केले' असे म्हणून ते आपली संपत्ती आईबापांच्या गरजेपासून दूर ठेवत. घर वेळीच मुलाच्या नावे करून घ्यायचे, आईचे निवृत्तिवेतन आपल्या संसारात वापरायचे आणि ती वारल्यावर 'तिच्या नावे काहीच नाही' म्हणून संस्थेला हात दाखवायचे, हा त्याच चलाखीचा आधुनिक अवतार आहे. अशा मुलाकडून वसुली झाली तर तिला अन्याय म्हणता येणार नाही. अमेरिकन न्यायालयेही लबाडीने केलेली हस्तांतरणे उलटवू शकतात. शिवाय मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने देणी चुकवण्याआधीच भावंडांत वाटप केले, तर तो स्वतः अडचणीत येऊ शकतो.

मेडिकेड स्वतःही एक धनको आहे. ५५ वर्षांवरील लाभार्थींच्या शुश्रूषागृहावर झालेला खर्च त्यांच्या मृत्यूनंतर मालमत्तेतून वसूल करणे १९९३ च्या संघीय कायद्याने राज्यांना बंधनकारक आहे. जोडीदार हयात असेल, एकवीस वर्षांखालील किंवा अपंग अपत्य असेल तर वसुली होत नाही. एक तरतूद मात्र मला विशेष वाटते. ज्या मुलाने वा मुलीने आईच्या घरी राहून, ती शुश्रूषागृहात जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे तिची अशी सेवा केली की त्यामुळे तिचे तेथे जाणे लांबले, त्या अपत्याला ते घर देण्यास मेडिकेड हरकत घेत नाही. रुक्ष कायद्याच्या जंगलात सेवेची एवढी तरी दखल घेतलेली आहे.

जर्मनीने आणखी वेगळा मार्ग धरला. तेथे मुलांकडून आईबापांच्या शुश्रूषेचा खर्च मागण्याची परंपरा जुनी होती. २०२० पासून वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंपेक्षा अधिक असलेल्या मुलांपुरतीच ती मर्यादित झाली.

आपल्या देशात काय आहे? १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर कन्येच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोषणाची जबाबदारी येते. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण दिले. आपल्या राज्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे हा अर्ज चालतो आणि त्या कायद्यानुसार दरमहा दहा हजार रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. आजच्या खर्चात ही रक्कम हास्यास्पद आहे, हे खरे. पण कायद्याची दिशा मला पेनसिल्व्हेनियाहून योग्य वाटते, कारण अर्ज वृद्धाच्या गरजेसाठी असतो. रुग्णालय किंवा वृद्धाश्रम आपल्या थकीत बिलासाठी त्या दारात उभे राहू शकत नाही.

मृत्यूनंतर उरलेल्या देण्यांबाबत आपला नियम अमेरिकेच्या सामान्य तत्त्वासारखाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार मृताचा कायदेशीर प्रतिनिधी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरताच जबाबदार असतो. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमात याहून सूक्ष्म तरतूद आहे. कलम ३२० नुसार मृताच्या मालमत्तेतून वाजवी अंत्यविधीचा खर्च, तसेच मृत्युशय्येवरील वैद्यकीय सेवेचे शुल्क आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याच्या निवास-भोजनाचा खर्च इतर सर्व कर्जांच्या आधी दिला पाहिजे. पुढच्याच कलमांत मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत राबलेल्या घरगडी वा मजुराच्या वेतनालाही अग्रक्रम आहे. आईजवळ रात्ररात्र बसणाऱ्या बाईचा पगार हा वारसांच्या हिश्शाच्या पुष्कळ आधी येतो. (गोव्यातील कुटुंबांचा वारसा कायदा निराळा आहे. त्यांनी तेथील जाणकारांना विचारावे.)

सहीचा सापळा मात्र आपल्याकडेही आहे, आणि १९८७ च्या अमेरिकन कायद्यासारखे कवच नाही. रुग्णालयाच्या प्रवेश-अर्जावर हमीदार म्हणून सही केली, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार हमीदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच धरली जाते. घाईत सही करताना आपण कोणत्या नात्याने सही करतो आहोत ते वाचावे. बिलासाठी पार्थिव देह अडवून ठेवणे ही तर निखालस अमानुष गोष्ट आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेने बिलाच्या वादापायी देह अडवता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्या वाड्यांमधील खरे भांडण बहुधा रुग्णालयाशी नसते, भावंडांत असते. एकीने दोन वर्षे आईचे केले, औषधपाण्याला स्वतःचे दागिने मोडले, आणि आई गेल्यावर जमिनीचे चार समान वाटे झाले. वर सांगितलेला कायद्याचा क्रम येथे लावून पाहावा. आईसाठी तिने केलेला खर्च, आईला दिलेला पैसा म्हणून नोंदवलेला असेल, तर ते मालमत्तेवरील देणे होऊ शकते. ते आधी फेडावे आणि मग वाटे करावेत. नोंद नसेल तर कायदा हात झटकील, भावंडांनी झटकू नयेत. आई हयात असतानाच सर्वांनी बसून वहीत खर्च मांडणे पुष्कळांना अभद्र वाटते. वही ठेवलेली बरी.

राहिली परदेशी मुलांची गोष्ट. ग्रीन कार्डावर आईवडिलांना अमेरिकेत नेताना मुलाला आय-८६४ नावाचे प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. त्यात तो त्यांना दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीवर सांभाळण्याची हमी सरकारला देतो. आईवडील अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा चाळीस तिमाह्यांचे काम त्यांच्या नावे जमा होईपर्यंत, किंवा देश कायमचा सोडीपर्यंत वा मृत्यूपर्यंत ती टिकते. त्या काळात त्यांनी गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली तर ती रक्कम मुलाकडून मागण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि अशी झालेली देणी पालकाच्या मृत्यूने पुसली जात नाहीत. शिवाय नव्याने गेलेल्या वृद्धांना मेडिकेडसाठी बहुधा पाच वर्षे थांबावे लागते, मेडिकेअरही सहसा पाच वर्षांच्या सलग वास्तव्याआधी विकत घेता येत नाही. मधल्या काळात पक्षाघाताचा झटका आला आणि शुश्रूषागृहाची पाळी आली, तर पहिल्या दिवसापासून बिल खाजगी दराने सुरू होते. आईवडिलांचे तिकीट काढण्यापूर्वी मुलांनी आपल्या राज्यातील या विषयाच्या वकिलाला एक तास भेटावे. आणि इथे राहणाऱ्या आईवडिलांनी, घर विकून पैसे मुलाच्या खात्यात पाठवण्यापूर्वी, त्या साठ महिन्यांच्या नियमाविषयी त्याला फोनवर विचारून घ्यावे.